पॅनिक अटॅकसाठी सायकॉलॉजिस्टकडे: काही महिन्यांनंतरचा अनुभव

लोकलमध्ये येणाऱ्या पॅनिक अटॅकसाठी गेल्या पावसाळ्यापासून मी मुलुंडच्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडमकडे जाते आहे. फरक पडला, आणि चांगलाच पडला. त्याचं बरंचसं श्रेय त्यांच्या शिक्षणाला आहे, म्हणून आधी त्याबद्दल.

काउन्सेलिंगच्या पाट्या आपल्याकडे गल्लोगल्ली दिसतात. पण क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी लागते. एम.ए.नंतर रुग्णांसोबत प्रत्यक्ष काम करत दोन वर्षांचं एम.फिल. हा तिथवर पोहोचायचा आजवरचा नेहमीचा रस्ता. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. मी विचारला तेव्हा मॅडमनी लगेच सांगितला, आणि आपण काय घेत नाही तेही सांगितलं: जोडप्यांचे प्रश्न, व्यसनमुक्ती, लहान मुलांच्या चाचण्या. हे ऐकूनच मला विश्वास वाटला. औषधं सायकॉलॉजिस्ट लिहीत नाहीत, ते काम सायकिअॅट्रिस्टचं. गरज पडली तर कुणाकडे पाठवणार, हे पहिल्याच भेटीत ठरलं. थायरॉइड ग्रंथी जास्त काम करू लागली तरी छाती धडधडते, म्हणून ती तपासणी आणि ईसीजी फॅमिली डॉक्टरांकडून आधी करून घ्यायला लावलं.

मग सीबीटी, म्हणजे विचारांची आणि वागण्याची पद्धत बदलायला शिकवणारी उपचारपद्धती. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडलेलं चक्र त्यांनी कागदावर काढून दाखवलं: धडधड होते, आपण तिचा अर्थ ‘हार्ट अटॅक’ असा लावतो, त्या भीतीने धडधड आणखी वाढते. ते चक्र तोडायला त्यांनी मला मुद्दाम जोरजोरात श्वास घ्यायला लावला, खुर्चीत गरगर फिरवलं. तीच चक्कर, तेच मुंग्या येणं, आणि काही वेळाने सगळं आपोआप ओसरलं. त्या सत्राने माझं डोकं खरोखर बदललं. पुढे लोकलचा सराव: आधी मुलुंड ते नाहूर, एकच स्टेशन, स्लो गाडीने. मग घाटकोपरपर्यंत. शेवटी सकाळच्या गर्दीत दादर फास्ट. हातात घट्ट धरलेली पाण्याची बाटली आणि दाराजवळची जागा, दोन्ही सोडायला लावल्या, कारण त्यांच्यामुळेच आपण वाचलो असं मनाला वाटत राहतं. बाटली सोडणं मला गर्दीपेक्षा जड गेलं.

उणिवा आहेत. संध्याकाळची वेळ मिळणं मुश्कील, आणि गृहपाठ टाळला की आठवडा वाया जातो. खर्च खिशातूनच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायला सांगितलं आहे, पण माझी पॉलिसी दवाखान्यात दाखल झाल्यावरचाच खर्च देते. ज्यांना फी झेपत नाही त्यांनी सुरुवातीला टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ वर जरूर फोन करावा. सरकारी सेवा आहे, मोफत आहे, चोवीस तास चालते.

अटॅक पूर्ण थांबलेत असं नाही. कधीतरी येतो, पण मी उतरून जात नाही, गाडीतच थांबते. सध्या महिन्यातून एकदाच जाते, आणि आता बंद करूया असं मॅडमनीच सुचवलं आहे.