एका दिवसाची नॅरोबोट: ऑक्सफर्डची थेम्स की थ्रपचा कालवा?

पुण्याहून आई-बाबा आले की लंडन होतं, बाथ होतं, स्टोनहेंज होतं आणि मग एखादा शनिवार रिकामा उरतो. त्या शनिवारी नॅरोबोट, म्हणजे कालव्यावरची लांब-अरुंद बोट, भाड्याने घ्या, असं मी ओळखीच्या सगळ्यांना सांगते. लायसन्स लागत नाही. सकाळी अर्धा-पाऊण तास शिकवतात आणि बोट तुमच्या हवाली करतात. ऑक्सफर्डजवळ दोन पर्याय आहेत, थेम्स नदी किंवा शहराच्या उत्तरेला थ्रप गावातून जाणारा ऑक्सफर्ड कालवा. मी दोन्ही केलेत.

बोट दोन्हीकडे तशीच, रुंदीला 7 फुटांना 2 इंच कमी आणि लांबीला आगगाडीच्या डब्यासारखी. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की नाक उजवीकडे जातं. पहिली वीस मिनिटं सगळेच उलटं करतात, इंजिनियर बाबांनीसुद्धा केलं.

थेम्सवर मेहनत कमी. हंगामात लॉकवर (दोन दरवाजांमधला हौद, त्यात पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेतात) बहुतेक वेळा माणूस असतो, दरवाजे तो बघतो. आपण इंजिन बंद करायचं, पुढचा-मागचा दोर खुंट्याला वेढा घालून हातात धरायचा. बांधून मात्र टाकायचा नाही, पाणी उतरलं की बोट दोराला लटकेल. ऑस्नीच्या पुलाखाली उंची जेमतेम साडेसात फूट, त्यामुळे मोठ्या उंच बोटी तिथूनच माघारी फिरतात आणि पुढची नदी निवांत मिळते. उजवीकडे पोर्ट मेडोचं मोकळं कुरण लागतं. गाई-घोडे तिथे खुशाल पाण्यात उभे असतात, तुम्हाला बघून हलत नाहीत. पुढे गॉडस्टोला जुन्या मठाच्या पडक्या भिंती आहेत. तिथे उतरून डबा खाल्ला. आईला हा दिवस फार आवडला, कारण तिला बसल्या जागेवरून उठावं लागलं नाही.

पण नदी ती नदी. पाऊस झाला की प्रवाह वाढतो, लॉकवर लाल फलक लागतात आणि तुमचा शनिवार गेला. प्रवाहासोबत जाताना बोट थांबवायलाही वेळ लागतो, तिला ब्रेक नाहीत.

कालव्याचं पाणी संथ असतं, चूक झाली तर बोट काठाला ढुशी मारते, एवढंच. वेगमर्यादा ताशी 4 मैल, आणि काठाला बांधलेल्या बोटींशेजारून त्याहून हळू. आमची मुलं काठावरच्या पायवाटेने आमच्या पुढे पळत होती. इथे लॉक तुमचं तुम्हीच चालवायचं. विंडलास नावाचा वाकडा लोखंडी दांडा फिरवून झडपा उघडायच्या, मग दरवाजाच्या लांब लाकडी तुळईला पाठ टेकवून रेटायचं. हाताने ढकलत बसलात तर दमाल. खाली उतरताना बोटीचा मागचा भाग वरच्या दरवाजाजवळच्या दगडी उंबऱ्यावर अडकू द्यायचा नाही. मोठा धोका आहे तो हा, त्यामुळे शिकवताना तेवढं तरी नीट ऐका. आणखी एक, लांब बोट कालव्यात कुठेही वळत नाही, रुंद केलेल्या ठरावीक जागीच वळते. ती जागा नकाशावर आधी बघून ठेवा, नाहीतर संध्याकाळी बोट परत करायला उशीर होतो.

तरी माझं मत थ्रपला. उत्तरेला थोडं गेलं की शिप्टन वेअर लॉक येतं. कालव्यावरची बहुतेक लॉक अरुंद, हे मात्र चांगलं पसरट. चढ-उतार इथे फार थोडा, म्हणून खालच्या लॉकला पाणी कमी पडू नये यासाठी तसं बांधलंय. त्याच्या पलीकडे कालवा जवळपास मैलभर चक्क चेरवेल नदीतूनच जातो. वळणं, वाकलेली झाडं, अंगावर येणारा प्रवाह, सगळं तिथे मिळतं, आणि बेकर्स लॉकनंतर परत शांत कालवा. अर्थात पूर असेल तेव्हा हाच तुकडा बंद होतो, म्हणून आदल्या दिवशी फोन करायचा.

सोबत गुडघेदुखीवाले जास्त असतील तर थेम्स. तुळया रेटायला दोन धडधाकट माणसं असतील तर थ्रप. पैशांचं बोलताना डिझेल आणि अनामत धरून भाडं किती ते विचारा. विंडलास कधीही झडपेच्या खुंटीवर सोडून हात काढू नका. आमचा एक चेरवेलच्या तळाशी आहे, आणि अनामतीतून त्याचे पैसे कापले गेले.