ब्रीडिंग बॉक्स १८० रुपयांचा, पिल्लं मात्र श्रीखंडाच्या डब्यात

राजारामपुरीतल्या एका दुकानातून हा पारदर्शक प्लॅस्टिकचा ब्रीडिंग बॉक्स आणला, म्हणजे माशांची अंडी-पिल्लं वेगळी ठेवायला टँकच्या आत काचेला चिकटवायचा डबा. कंपनीचं नाव कुठंच नाही, खोक्यावर नुसतं गप्पी माशाचं चित्र. ते चित्र नीट बघितलं असतं तर पैसे वाचले असते. दुकानदार म्हणाला, "घेऊन जावा ताई, सगळ्या माशास्नी चालतंय."

माझा टँक दोन फुटी, त्यात थोडे टेट्रा मासे आणि सहा ब्राँझ कोरी, म्हणजे तळाशी फिरणारे छोटे मिशाळ मासे. दोन माद्या, चार नर. जूनमध्ये पाऊस लागला त्या आठवड्यात मी तिसरा हिस्सा पाणी बदललं. बादली रात्रभर गॅलरीत होती, पाणी चांगलंच गार. कोरीला तेच पाहिजे असतं. तिकडं दक्षिण अमेरिकेतल्या ओढ्यांत पावसाचं गार पाणी आलं की यांचा हंगाम सुरू. संध्याकाळी टँकमध्ये नुसती पळापळ. मादी नराच्या पोटाशी तोंड लावते, दोघं क्षणभर तशीच आडवी-उभी थिजतात. मग ती पोटाखालच्या दोन परांची ओंजळ करते, त्यात दोन-चार अंडी धरते आणि जागा शोधत फिरते. आधी तोंडानं काच पुसल्यासारखं करते, मग पोट टेकवून अंडी चिकटवते. परत नराकडं. तासभर हेच. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या आणि डाळ लागली.

सकाळी सासूबाई म्हणाल्या, "अगं, काचंला साबुदाणा कुणी चिकटवला?"

मोजली तर ६३. टँकमध्ये ठेवली असती तर यांनीच खाल्ली असती; कोरीला स्वतःच्या अंड्यांचीही दयामाया नसते. बोटानं हळूच घरंगळवत सोडवली आणि बॉक्समध्ये टाकली.

आता बॉक्सबद्दल. आतली तिरकी जाळी गप्पी-मोलीसारख्या, अंडी न घालता थेट पिल्लं देणाऱ्या माशांसाठी आहे. पिल्लू जन्मलं की फटीतून खाली पडावं, आईच्या तोंडी लागू नये. त्या कामाला चांगली. अंड्यांचं तसं नसतं, त्यांना सतत हलतं पाणी लागतं. या बॉक्सला बाजूनं चार बारीक फटी, आतलं पाणी डबक्यासारखं. दुसऱ्या दिवशी निम्मी अंडी पांढरी पडून त्यांवर कापसासारखी बुरशी, आणि ती शेजारच्या चांगल्या अंड्यांनाही धरली. उरलेल्यांचं वाटोळं बॉक्स काचेला चिकटवायच्या रबरी वाट्यांनी केलं. दोनच आहेत, त्यातली एक रात्री सुटली, बॉक्स कलंडला आणि सकाळी टेट्रांची पोटं टम्म. बदलून मागायला गेले तर दुकानदार म्हणाला, पाण्यात घातलेला माल परत घेत नाही.

पंधरा दिवसांनी कोरींनी परत अंडी घातली. या वेळी अर्धा किलो श्रीखंडाचा रिकामा डबा साबण न लावता गरम पाण्यानं धुतला, त्यात टँकचंच पाणी, हवेचे बुडबुडे सोडणारा एअर स्टोन आणि बुरशी रोखणारं निळं औषध मिथिलीन ब्ल्यू, पाणी फिकट आभाळी होईल एवढंच. पांढरं पडलेलं अंडं दिसलं की ड्रॉपरनं बाहेर. चौथ्या दिवशी तळाशी शेपट्या वळवळायला लागल्या. पहिले दोन दिवस पोटाच्या पिवळ्या पिशवीवर निघतात, काही घालायचं नाही. नंतर घरीच अंडी फोडवलेलं आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव), दिवसातून दोनदा, थोडं थोडं.

आजघडीला १९ पिल्लं आहेत, मिशा नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

बॉक्सला पाचपैकी दोन, तेही गप्पीवाल्यांसाठी. रबरी वाट्या मात्र लगेच बदला. माझ्याकडं सध्या त्या बॉक्समध्ये मासे धरायची जाळी, ड्रॉपर आणि खाण्याची पाकिटं ठेवलीत.