टू-डी, चर्प की डाउन इमेजिंग? फिशफाइंडर घेण्याआधी पडदा वाचायला शिका

दुकानातला फिशफाइंडर (पाण्यात आवाज सोडून प्रतिध्वनीवरून तळ आणि मासे दाखवणारं यंत्र) डेमोवर चालू असतो. पडद्यावर बुडालेलं झाड, फांद्यांत लटकलेले मासे, सगळं फोटोसारखं लख्ख. ते रेकॉर्डिंग बहुतेकदा गोड्या, निवळ पाण्याच्या तलावातलं असतं. उधाणाच्या भरतीत खाडीच्या तोंडावर, चिखलाच्या तळावर तोच संच काय दाखवेल, याचा त्यावरून काहीच पत्ता लागत नाही. गळ, लाँगलाइन किंवा गिलनेटसाठी छोट्या फायबर होडीवर संच बसवायचा असेल, तर किमतीची घासाघीस नंतर करा. आधी टू-डी, चर्प आणि डाउन इमेजिंग या तिन्ही प्रकारची चित्रं वाचता यायला हवीत, कारण जे चित्र पटकन कळतं तेच मासे जास्त दाखवतं असं मुळीच नाही.

तिन्हींना लागू असलेली एक गोष्ट आधी. पडद्याची अगदी उजवी कड म्हणजे ‘आत्ता’. तिच्या डावीकडचं सगळं होऊन गेलेलं आहे. आडवी बाजू वेळ दाखवते, अंतर नाही. होडी नांगरावर उभी असली तरी चित्र सरकत राहतं, आणि खाली एकच मासा स्थिर थांबला असेल तर पडद्यावर लांबच लांब रेघ उमटते. नवखा माणूस त्या रेघेला मोठा मासा समजतो. माशाचा अंदाज रेघेच्या लांबीवरून नाही, जाडीवरून आणि रंगावरून घ्यायचा.

साधा टू-डी: ५० आणि २०० किलोहर्ट्झ

ट्रान्सड्यूसरमधून (पाण्यात आवाज सोडणारा आणि परतीचा ऐकणारा भाग) आवाज टॉर्चच्या झोतासारखा खाली पसरत जातो. २०० किलोहर्ट्झ फ्रिक्वेन्सीचा झोत साधारण १२ ते २० अंशांचा, ५० चा ४० ते ४५ अंशांचा. २० मीटर पाण्यात २० अंशांचा झोत तळावर सुमारे ७ मीटर रुंदीचं वर्तुळ व्यापतो, ४५ अंशांचा साडेसोळा मीटरचं. म्हणून ५० वर मासे जास्त दिसतात, पण ते होडीच्या नेमके खाली आहेत की बाजूला, हे कळत नाही. पडदा दुभागून दोन्ही शेजारी लावले की उत्तर मिळतं: ५० वर आहे आणि २०० वर नाही, म्हणजे मासा बाजूला आहे.

जाहिरातीतल्या त्या सुबक कमानी ही नवख्यांची मोठी फसगत. मासा झोताच्या कडेला असताना त्याचं अंतर जास्त भरतं, मधोमध आला की कमी, पुन्हा बाहेर जाताना जास्त. म्हणून कमान उमटते. आता हिशेब करा. मासा १५ मीटरवर आणि झोत २० अंशांचा असेल, तर कडेच्या आणि मधल्या अंतरात फरक पडतो फक्त २३ सेंटिमीटरचा. ७ इंची पडद्यावर वरून खाली सहसा ४८० ओळी असतात. रेंज (पडदा किती खोलीपर्यंत दाखवतो ते) २५ मीटर असेल तर एक ओळ ५ सेंटिमीटरची, म्हणजे कमानीची उंची चार-पाच ओळी. ती कमान दिसतच नाही, आडवा ठिपका दिसतो. तोच मासा ४५ अंशांच्या झोतात सव्वा मीटरचा फरक देतो आणि तेवीस-चोवीस ओळींची छान कमान काढतो. त्यामुळे २०० वर कमानीची वाट बघत बसणारा अर्धे मासे तसेच सोडून देतो. वेगाचाही परिणाम आहेच. ३ नॉटला तळाजवळचं ७ मीटरचं वर्तुळ पार करायला साडेचार सेकंद लागतात, ८ नॉटला पावणेदोन. होडी पळवत नेली तर चांगला मासाही टिंब होऊन जातो.

रुंद झोताचा तोटा तळाशी दिसतो. झोताच्या कडेला तळापासून थोडा वर असलेला मासा आणि मधोमध असलेला तळ यांचं अंतर सारखं भरतं, आणि मासा तळाच्या पट्ट्यात गडप होतो. २० मीटरवर ४५ अंशांच्या झोताच्या कडेला ही आंधळी जागा तळापासून दीड मीटरच्या वर जाते. २० अंशांच्या झोतात जेमतेम ३० सेंटिमीटर असते. ढोम्यासारख्या तळाजवळच्या मासळीसाठी २०० हवा, तो याच कारणाने. उतारावर तर आंधळी जागा आणखी वाढते.

तळ वाचण्यात मात्र टू-डीचा हात धरणारं कोणी नाही. खडप असेल तर पट्टा जाड आणि भडक येतो, शिवाय दुप्पट खोलीवर दुसरा फिका तळ दिसतो. आवाज तळावरून पृष्ठभागाला आणि पृष्ठभागावरून पुन्हा तळाला आपटून परत आलेला असतो. तो बघायचा तर २० मीटर पाण्यात रेंज हाताने ४५ वर न्यावी लागते. ऑटो रेंजमध्ये तो पडद्याबाहेरच राहतो. मऊ चिखलावर दुसरा तळ जवळजवळ नसतोच. तिथे ५० चा आवाज चिखलात शिरतो आणि खालचा घट्ट थरही दाखवतो, २०० चिखलाच्या वरच थांबतो. खोलीचे दोन आकडे वेगळे आले तर संच बिघडला असं समजू नका. बिघाड नाही तो, चिखल आहे.

चर्प: फरक कुठे पडतो

साधा संच एकाच फ्रिक्वेन्सीचा ठोका पाठवतो. चर्प एका पट्ट्यातून सरकत जातो, उदाहरणार्थ १५० ते २४० किलोहर्ट्झ. साध्या संचात दोन मासे एकाखाली एक किती जवळ असले तरी वेगळे दिसतील, हे ठोक्याच्या लांबीवर ठरतं: ०.१ मिलिसेकंदाच्या ठोक्याला साडेसात सेंटिमीटर, १ मिलिसेकंदाच्या ठोक्याला ७५. खोल पाण्यात जोर लागतो म्हणून ठोका लांबवावा लागतो आणि मासे एकमेकांत मिसळतात. चर्पला लांब ठोका देऊनही बारकावा राखता येतो.

याचा व्यवहारातला अर्थ असा की १५-२० मीटरवर चांगला टू-डी आणि चर्प यांत जाहिरातीइतका फरक दिसत नाही. ७०-८० मीटरवर तो डोळ्यांना दिसतो. साध्यावर एकसंध लाल गोळा असतो, चर्पवर त्याच गोळ्यातले सुटे ठिपके आणि तळापासून वर असलेली फट दिसते. वाचण्याची पद्धत दोन्हींची एकच, त्यामुळे नव्याने शिकायला काही लागत नाही. घेताना मात्र ट्रान्सड्यूसरच्या माहितीत पट्टा कुठून कुठवर आहे ते बघा. डोकं चर्पचं आणि ट्रान्सड्यूसर जुना, अशी जोडी चर्पचं काम करत नाही.

डाउन इमेजिंग: सुंदर, पण कुठे?

कंपनीगणिक नाव वेगळं (हमिनबर्डचं डाउन इमेजिंग, लोरन्सचं डाउनस्कॅन, गार्मिनचं क्लिअरव्ह्यू), तत्त्व एकच. ४५५ किंवा ८०० किलोहर्ट्झचा झोत पुढे-मागे अगदी पातळ आणि डाव्या-उजव्या बाजूला रुंद असतो. पातळ असल्याने कमान बनतच नाही. मासा म्हणजे तांदळाएवढा पांढरा ठिपका. खडपाच्या कपारी, बुडालेल्या होडीचा सांगाडा, अडकलेलं जाळं हे टू-डीवर नुसते गोळे असतात, इथे ते ओळखू येतात. गळ अडकून तुटण्याची जागा आधीच कळते, हा याचा खरा फायदा.

पण तीन अटी. एक, होडी चालती हवी, ३ ते ५ नॉट. उभ्या होडीवर चित्राच्या नुसत्या आडव्या रेघा होतात. दोन, खोली. ८०० ची हद्द उत्तम पाण्यात ४० मीटरच्या आसपास, ४५५ ची १०० च्या आसपास, आणि खारं पाणी उंच फ्रिक्वेन्सी गोड्या पाण्यापेक्षा जास्त गिळतं. वर उधाणाचा गाळ असेल तर हद्द आणखी अलीकडे येते. तीन, परतीचा आवाज किती जोरदार होता हे इथे टू-डीसारखं सहज कळत नाही. ठिपका ढोम्याचा की बुडबुड्याचा, यावर वाद घालत बसावं लागतं.

एकच जागा, तीन पडदे

समजा २५ मीटर पाणी, चिखलात उठलेलं छोटं खडप, त्यावर तारलीचा थवा. टू-डीवर तळाचा उंचवटा भडक होतो आणि वर लालसर ढग दिसतो. मासे सुटे मोजता येत नाहीत. चर्पवर त्याच ढगाची कड स्पष्ट येते आणि खाली दोन-तीन जाड खुणा वेगळ्या पडतात, त्या शिकारी माशांच्या असू शकतात. डाउन इमेजिंगवर खडपाची कपार आणि थव्याचे शेकडो कण दिसतात, पण त्या जाड खुणांतला आणि कणांतला फरक पुसट होतो.

आणि काही मासे तिन्हींवर फसवतात. माशाचा प्रतिध्वनी मुख्यतः त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीतून येतो. घोळीची पिशवी मोठी (बाजारात बोत म्हणून सोन्याच्या भावाने जाते तीच), म्हणून घोळ भडक उमटते. सुरमई, मुशी, बोंबील यांना ती नसतेच. मोठी सुरमई लहान ढोम्यापेक्षा फिकी दिसू शकते. सुरमईसाठी ती स्वतः शोधू नका. मध्येच तुटलेला, खालून वर रेटलेला तारलीचा ढग शोधा. फिश आयडीची माशांची चिन्हं बंद करून टाका. यंत्र पाण्यात लटकलेल्या कुठल्याही खुणेला मासा काढतं, मग तो पंख्याच्या फेसाचा बुडबुडा का असेना.

कोणी काय घ्यावं

चिखलाच्या तळावर गिलनेट किंवा ६० मीटरच्या पुढे जाणं असेल तर इमेजिंगवर पैसे घालवू नका. ५०/२०० किंवा लो-मिडीयम (खालच्या आणि मधल्या फ्रिक्वेन्सीचा) चर्प घ्या आणि उरलेले पैसे ६०० वॉट ते १ किलोवॉटच्या ट्रान्सड्यूसरमध्ये घाला. ४० मीटरच्या आत खडपांवर गळ टाकणाऱ्याला चर्प आणि डाउन इमेजिंग एकत्र असलेला संच खरोखर उपयोगी. खाडीत ४ मीटर पाण्यात २० अंशांचा झोत दीड मीटरही व्यापत नाही. तिथे साइड इमेजिंग (होडीच्या दोन्ही बाजूंना बघणारं) किंवा ८३ किलोहर्ट्झचा रुंद झोत हवा. पहिलाच संच असेल आणि कामाचा नक्की अंदाज नसेल तर साधा चर्प घ्या. शिकायला तोच बरा.

शिकण्याची सोपी रीत: १० मीटर पाण्यात नांगर टाका, पाव किलोचं शिसं ट्रान्सड्यूसरच्या अगदी खाली सोडा आणि हळूहळू वर-खाली करा. पडद्यावर नागमोडी रेघ येईल. आता सेन्सिटिव्हिटी (परतीचा किती बारीक आवाज पकडायचा ते) पडदा ठिपक्यांनी भरेपर्यंत वाढवा, मग तुरळक ठिपके उरतील इतकी कमी करा. रेघ नाहीशी झाली तर तुम्ही जास्तच खाली आलात. जुन्या खुणा वावात लिहिलेल्या असतील तर एकक फॅदमवर ठेवा. दोन्ही सहा फुटांच्या जवळपास. तळाची मासळी बघताना बॉटम लॉकने शेवटचे ५ मीटर फुगवा, म्हणजे एक ओळ सेंटिमीटरभराची होते.

बसवणीत चूक झाली तर महागडा संचही फक्त खोली सांगतो. फायबरच्या होडीला मागच्या फळीवर ट्रान्सड्यूसरचा तळ होडीच्या तळापेक्षा ३ मिलिमीटर खाली, पंख्यापासून किमान ३८ सेंटिमीटर लांब आणि पाण्याशी समतल हवा. वेग घेतल्यावर चित्र तुटलं तर खालून हवा जातेय; थोडा खाली घ्या. फायबरच्या आतून चिकटवायचा तर तिथलं फायबर भरीव हवं आणि इपॉक्सीत एकही बुडबुडा नको. लाकडातून किंवा सँडविच फायबरमधून आवाज जात नाही, आणि इमेजिंगचा ट्रान्सड्यूसर आतून बसवायचाच नसतो. वीज बॅटरीवरून थेट, वेगळ्या फ्यूजने घ्या. इंजिन सुरू करताना संच बंद पडून पुन्हा चालू होत असेल तर संच बदलू नका. व्होल्टेज खाली जातंय, वायर जाड करा. पावसाळी बंदीत होडी वर ओढली की ट्रान्सड्यूसरवर चिकटलेली कालवं प्लॅस्टिकच्या पट्टीने काढा, आणि तळाला रंग लावताना त्यावर थिनरवाला रंग जाऊ देऊ नका. त्याने ट्रान्सड्यूसरचं प्लॅस्टिक खराब होतं.