भुताचा की कार्टूनचा? तिकीट काढण्याआधी

कार्टून बघायचं की भुताचं, हा वाद सुरू झाला की बहुतेक लोक वयाकडे बघून निकाल लावतात. पोरं सोबत असतील तर अ‍ॅनिमेशन, नसतील तर हॉरर. मी दोन्ही प्रकार आवडीने बघतो आणि मला विचाराल तर वयाचा प्रश्न नंतरचा. आधी सांगा, बघणार कुठे आहात? थिएटरात की घरी?

हॉररचा जीव आवाजात असतो. पाठीमागून आलेली कुजबुज, वरच्या मजल्यावरची पावलं आणि या सगळ्यांहून जास्त म्हणजे शांतता. २०१८ च्या 'अ क्वाएट प्लेस'मधले प्राणी आवाजाच्या रोखाने शिकार करतात, त्यामुळे पडद्यावरचं कुटुंब खुणांनी बोलतं. असा सिनेमा अंधाऱ्या थिएटरात बघताना आपल्यालाही पॉपकॉर्न चावायची चोरी होते. तोच मोबाइलवर, खोलीतला दिवा लावून, मधेमधे मेसेज वाचत बघितला तर उरते फक्त गोष्ट, आणि हॉररमधली नुसती गोष्ट बऱ्याचदा बेताचीच असते. शेवटच्या वीस मिनिटांत भुताचा सगळा पूर्वेतिहास सांगत बसणारे सिनेमे तर विचारूच नका.

अ‍ॅनिमेशन याबाबतीत फार सोशीक. मधे जेवण झालं, कुणाचा फोन आला, धाकटं झोपलं, तरी पुन्हा सुरू केल्यावर फारसं बिघडत नाही. १९९५ चा 'टॉय स्टोरी', संगणकावर बनवलेला पहिला पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट, अवघा ८१ मिनिटांचा आहे. मोठ्या पडद्यावर रंग आणि बारकावे खुलतात हे खरं, पण घरी बघितला म्हणून काही हातचं गेलं असं होत नाही. डबिंगचंही तसंच. चित्रातल्या पात्राला मुळातच कुणीतरी आवाज दिलेला असतो, त्यामुळे दुसऱ्या भाषेतला चांगला आवाज खपून जातो. हॉररमध्ये मात्र नटाचा श्वास, अडखळणं, घशात अडकलेली किंकाळी हाच निम्मा अभिनय. तिथे डबिंग शक्यतो टाळा, सबटायटल लावून बघा.

पुन्हा बघण्याच्या कसोटीवर फरक आणखी ठळक होतो. मुलं एकच अ‍ॅनिमेशनपट पाठ होईपर्यंत बघतात, आणि मोठ्यांनाही प्रत्येक वेळी काहीतरी वेगळं सापडतं. 'अप'च्या (२००९) सुरुवातीला एका जोडप्याचं अख्खं आयुष्य काही मिनिटांत, जवळजवळ संवादाविना उलगडतं. लहानांना तो फुग्यांनी उडणाऱ्या घराआधीचा भाग वाटतो. शेजारी बसलेले आईवडील मात्र डोळे पुसत असतात. याउलट नुसत्या दचकवण्यावर बेतलेला हॉरर एकदाच चालतो. भूत कोणत्या दारातून येणार हे कळलं की संपलं. दचकवणं आणि घाबरवणं यांत माझ्या लेखी मोठा फरक आहे. 'जॉज' (१९७५) आजही धरून ठेवतो, कारण शार्क बराच वेळ नीट दिसतच नाही. चित्रीकरणात यांत्रिक शार्क सारखा बिघडायचा, म्हणून तो कमीत कमी दाखवावा लागला. ही अडचण सिनेमाच्या पथ्यावर पडली.

आता वयाचं. अ‍ॅनिमेशन म्हणजे मुलांना बिनधास्त दाखवावं असं धरून चालू नका. १९८८ साली जपानमध्ये 'माय नेबर टोटोरो' आणि 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' एकाच खेळाला जोडून प्रदर्शित झाले. पहिला कुठल्याही वयाच्या मुलाला दाखवावा असा, दुसरा युद्धात भुकेने मरणाऱ्या भावाबहिणीचा. दोन्ही एकाच स्टुडिओचे, दोन्ही हाताने रेखाटलेले. 'कोरलाइन'मधली (२००९) आईसारखीच दिसणारी, पण डोळ्यांच्या जागी बटणं असलेली 'दुसरी आई' मोठ्यांना गमतीशीर वाटेल, पण सहा वर्षांच्या पोराची झोप उडवेल. भुतापेक्षा आपलीच आई परकी होणं मुलांना जास्त भिववतं. दहाच्या पुढच्या, भीतीची हौस असलेल्या मुलांसाठी मात्र मी आधी याच सिनेमाचं नाव घेईन.

उलट बाजूने, रक्त नाही म्हणजे सौम्य, हेही खोटं. 'द कॉन्ज्युरिंग'ला (२०१३) अमेरिकेत 'आर' प्रमाणपत्र मिळालं, म्हणजे सतरा वर्षांखालच्यांना पालक किंवा मोठं माणूस सोबत असेल तरच प्रवेश. त्यात रक्तपात आणि शिवीगाळ फारशी नाही, भीतीच तेवढी होती.

तर तिकीट कशाचं काढावं? मित्रमंडळी असतील आणि थिएटर भरलेलं असेल तर निःसंशय हॉरर. अनोळखी माणसं एकदम दचकतात आणि लगेच स्वतःलाच हसतात, ती मजा घरी नाही. तीन पिढ्या सोबत असतील तर अ‍ॅनिमेशन, पण भाग तिसरा किंवा चौथा असेल तर जरा थांबा. त्यातले बरेचसे गोंगाट आणि बडबडीवरच चालतात. एकट्यानेच बघायचं असेल तर घरी अ‍ॅनिमेशन लावा. रडू आलं तर कुणी बघत नाही.

आणि हॉररला नको म्हणणाऱ्याला ओढून नेऊ नका. नेलंच, तर त्याला एक युक्ती सांगून ठेवा: भीतीचा प्रसंग आला की डोळे झाकून फारसा उपयोग नाही, कान झाकायचे.