अ‍ॅल्युमिनियम की कार्बन : पहिली रोड बाइक घेताना

पाऊण लाखाच्या आसपासची अ‍ॅल्युमिनियमची रोड बाइक, म्हणजे डांबरी रस्त्यावर वेगाने चालवायची सायकल, आणि दीड-दोन लाखांची कार्बन फायबरची, यांत निवड करताना लोक आधी वजन पाहतात. प्रत्यक्षात नुसत्या फ्रेममधला फरक बहुधा अर्ध्या किलोच्या आसपास असतो, आणि तो सिंहगडाच्या घाटात थोडाफार जाणवला तरी सपाट रस्त्यावर, जिथे मुख्य विरोध हवेचा असतो, जवळजवळ नाहीसा होतो. कार्बनचा खरा गुण वेगळा आहे : धाग्यांचे थर कोणत्या दिशेने बसवायचे हे ठरवून पेडलजवळचा भाग ताठ आणि सीटखालचा लवचीक ठेवता येतो. अ‍ॅल्युमिनियमला हे तितके साधत नाही; मात्र २५ ऐवजी २८ मिलिमीटरचे टायर थोड्या कमी हवेवर चालवले, तर हादरे पुष्कळ कमी होतात. सायकल पडून अ‍ॅल्युमिनियमला पोचा आला तर तो दिसतो. कार्बनमधली चीर रंगाखाली दडून राहू शकते. कार्बनच्या सीटपोस्टचा (सीटखालच्या दांडीचा) बोल्टही टॉर्क पान्यानेच (किती जोराने आवळले ते मोजणाऱ्या पान्याने), सहसा ५ न्यूटन-मीटरच्या आसपास, आवळावा लागतो, आणि तो पाना कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे असेलच असे नाही. शर्यतीत उतरायचे नसेल तर माझा कौल अ‍ॅल्युमिनियमलाच; वाचलेल्या पैशांतून आधी चांगले टायर आणि मग हलकी चाके घ्यावीत.