ॲप, बँड की पेडोमीटर? कंपनीत पावलं मोजायची तर

नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या एखाद्या कंपनीत कर्मचाऱ्यांना चालतं करायचं ठरलं की एचआरपुढे तीन पर्याय येतात: मोबाइलमधलं ॲप, मनगटावरचा बँड, नाहीतर पट्ट्याला अडकवायचा साधा पेडोमीटर.

ॲप फुकट असतं, ऑफिस स्टाफला पुरतं. फक्त फोन चार्जिंगला लावून कँटीनला गेलात की ती फेरी बुडाली. शॉप फ्लोअरवर बऱ्याच ठिकाणी फोन लॉकरमध्येच ठेवावा लागतो, तिथे ॲपचा विषयच संपला. बँड दिवसभर मोजतो, पण माणशी खर्च वाढतो. शिवाय तो हाताच्या हालचालीवरून पावलं ओळखतो. ट्रॉली ढकलताना हात दांड्यावर स्थिर असले की चाल कमी भरते. फिरत्या मशीनजवळ घड्याळ-अंगठी काढायला लावतात, तिथे बँडही उतरवावा लागणार. पेडोमीटरला ही अडचण नाही. आकडा मात्र रोज वहीत लिहायचा, त्यात थोडी बनवाबनवी होणारच. खड्ड्यांतून बाइक नेली तरी स्वस्तातला पेडोमीटर पावलं वाढवतो, ते वेगळंच!

पण यंत्रापेक्षा नियम महत्त्वाचा. ‘सर्वांत जास्त पावलं, पहिलं बक्षीस’ असं ठेवलं तर स्टोअर्सचा माणूस नुसत्या कामावर जिंकतो, नाहीतर रोज पहाटे गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर असणारा. अकाउंट्सवाले दुसऱ्या आठवड्यातच नाद सोडतात. त्यापेक्षा पहिला आठवडा नुसती नोंद घ्या, प्रत्येकाची सरासरी काढा आणि पुढे तिच्यावरची वाढ मोजा. तुलना स्वतःशीच असल्यामुळे कुणी ॲप वापरलं, कुणी पेडोमीटर, तरी बिघडत नाही. मध्येच यंत्र बदलू नये एवढंच. बक्षीस विभागाला द्या, म्हणजे जेवणानंतर सगळे एकमेकांना ओढून बाहेर काढतात.

दहा हजारांचा हट्ट नको. तो आकडा १९६०च्या दशकात जपानी पेडोमीटरच्या नावातून रूढ झाला. अमेरिकेतल्या वयस्क स्त्रियांच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मृत्यूचा धोका पावलांबरोबर कमी होत गेला, पण साधारण साडेसात हजारांनंतर आणखी फरक दिसला नाही. दहा मिनिटं बऱ्यापैकी चाललं की हजारेक पावलं होतात, म्हणजे दोन हजारांची वाढ जेवणाच्या आणि चहाच्या सुट्टीत बसते.

माझं मत विचाराल तर ऑफिसला ॲप आणि शॉप फ्लोअरला पेडोमीटर. ॲपमधून फक्त रोजची बेरीज घ्या, लोकेशन नको. आणि हे आकडे अप्रेझलला लावणार नाही, असं पहिल्याच दिवशी नोटीस बोर्डावर लिहून टाका.