स्टीलचं दाखवलं, सिरॅमिकचं पाठवलं

दिवाळीत माझ्या धाकट्या भावाने मला छोटं एस्प्रेसो मशीन (गरम पाणी दाबाने पुडीतून ढकलून घट्ट कॉफी काढणारं) दिलं. तो बंगळुरूला असतो, चिकमगळूरकडच्या कॉफीच्या भाजलेल्या बिया महिन्याला पाठवतो. दळायला मात्र घरात काही नव्हतं. मिक्सरमध्ये फिरवून पाहिल्या, पण मिक्सरचं पातं बिया दळत नाही, तोडतं. थोडी पूड मैद्यासारखी, थोडी भरड, आणि पाणी भरडीतून वाट काढून सुटतं.

ग्राइंडरसाठी बजेट आठ हजारांचं होतं. भाऊ म्हणाला, "ताई, एवढ्यात विजेवरच्याच्या नादी लागू नकोस, हाताने फिरवायचा घे." सल्ला बरोबरच होता. चूक माझी पुढे झाली.

मोबाइलवर अशाच हाताने फिरवायच्या ग्राइंडरची एक जाहिरात आली. 48 मिलिमीटरचे स्टीलचे बर्र (म्हणजे आतले दळणारे दातेरी भाग), बारीक-भरड ठरवायच्या कडीला एका फेऱ्यात 60 खाचा, किंमत 6,499. व्हिडिओत मनगटाला लाल दोरा बांधलेला एक हात ग्राइंडर फिरवतो, पूड मशीनला लावतो आणि कपात जाडसर सोनेरी फेस उतरतो. पार्सल आल्यावर पैसे देण्याची सोय होती, पण आधी यूपीआयने भरले तर 500 रुपये कमी. त्या पाचशेसाठी मी 5,999 आधीच भरून बसले.

सहाव्या दिवशी खोकं आलं. बाहेरून हुबेहूब तोच काळा ग्राइंडर. पण मूठ फिरवताच खरखर लागली. खालचं भांडं काढून आत टॉर्च मारला तर पांढराशुभ्र सिरॅमिकचा बर्र, तोही प्लास्टिकच्या कडीत बसवलेला. दांडा चिमटीत धरून हलवला तर डावी-उजवीकडे डुलत होता. ज्यांनी जातं ओढलंय त्यांना वेगळं सांगायला नको: मधली खुंटी सैल झाली की वरची पाळी हलते आणि एकाच दळणात पीठही पडतं, कणीही पडते.

तरी म्हटलं, वापरून तर बघू. 18 ग्रॅम पूड घालून साधारण 25 ते 30 सेकंदांत 36 ग्रॅम कॉफी उतरावी, असं भावाने शिकवलं होतं. पहिल्यांदा 11 सेकंदांत सगळं भसाभस खाली आलं, आंबट आणि पाणचट. एक खाच बारीक केली, तर मशीन घुंऽऽ करत राहिलं आणि मिनिटभरात चार थेंब पडले. मधली खाचच नव्हती. मोजल्या तर एका फेऱ्यात फक्त 12! 60 खाचांच्या चांगल्या ग्राइंडरमध्ये एका खाचेला बर्र साधारण 16 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सरकतो. एस्प्रेसोला एवढं बारीक सरकणं लागतंच. फिल्टर कॉफीला चालून जाणारा ग्राइंडर इथे साफ अडतो, आणि जाहिरातीतल्या नुसत्या 'एस्प्रेसो' या शब्दावरून हे कळत नाही.

मग तो व्हिडिओतला फेस? पुष्कळ घरगुती मशीनबरोबर पूड भरायला दुहेरी तळाची जाळी येते. तिच्या तळाला एकच बारीक भोक असतं. दाब तिथेच तयार होतो, त्यामुळे भरड पुडीचाही छान फेस दिसतो. म्हणून फेस पाहून ग्राइंडर घेऊ नका. बर्र उघडून दाखवा, दांडा हलवून दाखवा, एका फेऱ्यात किती खाचा ते मोजून दाखवा, असं विक्रेत्याला सांगा.

व्हॉट्सॅपवर तक्रार केली तर उत्तर आलं, "खोललेला माल परत घेत नाही." दोन दिवसांनी फोन. मुलगा फार अदबीने बोलत होता, मॅडम-मॅडम करत. "रिफंड मंजूर झालाय, क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका." मी स्कॅन केलंही होतं. आई शेजारी भाजी निवडत होती. ती एकदम म्हणाली, "अगं, पैसे घ्यायला पिन कशाला लागतो?" तिला पेन्शनच्या बँकेत सांगितलं होतं. मी फोन ठेवला. आई नसती तर आणखी किती गेले असते, या विचाराने अजून अंगावर काटा येतो.

त्याच संध्याकाळी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला 1930 वर फोन केला, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली, ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर सांगितलं. तिथे विचारलं, खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता काय? तेव्हा मी पहिल्यांदा खोकं नीट पाहिलं. नाव नाही, छापील किंमत नाही, कुठल्या देशात बनला तेही नाही. बाहेरून आलेल्या बंद खोक्यावर हे सगळं छापावंच लागतं, आणि ऑनलाइन विकताना मूळ देश सांगणंही बंधनकारक आहे. ऑर्डर देण्याआधी त्या पानावर मी एवढं जरी शोधलं असतं! खोकं उघडतानाचा व्हिडिओही मी काढला नव्हता, तो तुम्ही नक्की काढा.

पैसे अजून आलेले नाहीत. परवा रात्री मोबाइलवर पुन्हा तोच व्हिडिओ आला. दुकानाचं नाव नवं, किंमत 4,999, आणि मनगटाला तोच लाल दोरा.